आजोबांच्या ट्रंकेतली लढाईतली सुरी: घरी ठेवणं गुन्हा आहे का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांची अडचण अशी: आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. त्यांच्या ट्रंकेत पारदर्शक मुठीची सुरी निघाली. चुलतभावानं ती हातात धरून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. आता जमादार म्हणतात, ठाण्यात घेऊन या. इंग्लंडातला एक गिऱ्हाईकही लागला आहे.

दादा, स्टेटस आजच काढायला सांगा आणि टेपनं पातं मोजा. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत तलवार, खंजीर, संगीन (बंदुकीच्या नळीला लावायचं पातं) आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीची, उद्योगाची अवजारं वगळली आहेत. म्हणून ही सुरी ऊस तोडायची आहे, असं चुकूनही सांगू नका. ते टिकणार नाही आणि तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल.

ती कशापासून बनली, हेही नीट पाहा. त्या युद्धात सैनिक पडलेल्या विमानांच्या खिडक्यांचं प्लेक्सिग्लास (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) आणि ॲल्युमिनियम तुकडे करून मुठीला बसवत, पातं बऱ्याचदा जुन्या संगिनीचं असे. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचं पातं मुळात १७ इंचांचं. ते कापून आखूड केलं असेल, तर पात्यावरची लांब खोबण टोकाजवळ एकदम तुटल्यासारखी दिसते. मुठीलगत मुकुट, राजाची अक्षरं, '१९०७', महिना-वर्ष असे ठसे सापडतील. गंज दिसला तरी घासू नका, धार लावू नका. तेच ठसे तुमचा पुरावा आहेत.

पातं ९ इंचांच्या आत असलं, तरी 'संगीन' म्हणून पोलीस आक्षेप घेऊ शकतात. पण शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे अशा हत्याराला परवाना लागतो तो अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलेल्या भागात. तुमच्या तालुक्याला लागू अधिसूचना कोणती, हे लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

सुरी मोटरसायकलवर टाकून ठाण्यात नेऊ नका. सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदी असते आणि रस्त्यात सापडलात तर वेगळंच प्रकरण उभं राहतं. आधी अर्ज द्या: सुरी कुठं मिळाली, किती इंच आहे, आजोबांच्या डिस्चार्ज बुकाची (सैन्यातून सुटताना मिळालेल्या नोंदवहीची) झेरॉक्स सोबत. घरी येऊन पंचनामा करा, असं लिहा. ताब्यात घेतलीच, तर पंचनाम्याची प्रत आणि पोच घेतल्याशिवाय सोडू नका.

विक्रीचं मात्र थांबवा. शस्त्र देशाबाहेर पाठवायला परवाना लागतो. शिवाय पात्यावर १९१७ सारखं वर्ष असेल, तर ते शंभरी ओलांडलेलं म्हणून पुरावस्तू कायदा, १९७२ चाही प्रश्न येतो आणि खासगी माणसाला पुरावस्तू परदेशी पाठवता येत नाही. सुरी एकट्या चुलतभावाची नाही. आजोबांच्या सगळ्या वारसांची आहे, आत्यांचीही.

अर्ज द्यायच्या आधी मुठीलगतच्या दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा आणि एका वकिलाला दाखवा.