बँडसॉवर रुजू झालेल्या मुलास

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. आयटीआयला दोन वर्षं टर्नरचा ट्रेड केलास, सीएनसीवर उभं राहायचं मनात होतं, आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझरनी मागच्या शेडमध्ये नेऊन बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत, दाखवला. "काका, मला नुसतं कटिंगला टाकलंय," म्हणालास. त्या "नुसतं"साठी हे पत्र लिहायला घेतलंय.

कंपनीतला प्रत्येक जॉब तुझ्या त्या शेडमधून सुरू होतो. १०० मिमीचा राउंड बार मीटरला ६२ किलोच्या आसपास भरतो. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरचं वजन किलोत, हे सूत्र पाठ करून ठेव, रोज लागेल. तुझा कट वाकडा जातो म्हणून पुढच्या लेथवाल्याने दर पीसमागे ३ मिमी जास्त लांबी मागितली, तर हजार पीसला १८५ किलो स्टील फेसिंगमध्ये, म्हणजे टोक सपाट करताना, चिप (धातूचा कीस) होऊन जातं. ईएन-२४ या महागड्या मिश्र पोलादाचा भाव स्टोअरमध्ये विचार आणि गुणाकार कर. "नुसतं" हा शब्द पुन्हा तोंडात येणार नाही.

पण कट सरळ येण्याआधी हात शाबूत राहिले पाहिजेत, म्हणून आधी ते.

तू लहान असताना विचारायचास ना, काकांचं एक बोट आखूड का? तेव्हा मी विषय बदलायचो. आता तू तसल्याच मशीनपुढे उभा आहेस, तेव्हा सांगतो. १९९४ साली कोल्हापूरजवळ शिरोलीत एका लहान कारखान्यात मी कटिंगला होतो. ब्लेडवरची चिप झाडणारा ब्रश झिजून नुसती मूठ उरली होती. महिनाभर नवा मागत होतो, आज देतो उद्या देतो चाललं होतं. चिप दात्यांत अडकून परत कटमध्ये जायची आणि ब्लेड कुरकुरायचं. त्या दिवशी मी कॉटन वेस्टचा बोळा घेतला आणि चालू ब्लेडवर धरला. वेस्टचा धागा दात्यात अडकला आणि हात ओढला जाऊन गाईडपर्यंत, म्हणजे ब्लेड सरळ धरणाऱ्या भागापर्यंत, गेला. डाव्या तर्जनीचं पहिलं पेर तिथेच राहिलं. किती वेळ लागला म्हणशील तर, वेळ लागलाच नाही.

बँडसॉचा खरा धोका हा की तो संथ दिसतो. ग्राइंडरच्या आवाजानेच माणूस सावध होतो, लेथचा चक गरगरताना पाहून हात आपोआप मागे येतो. हे ब्लेड मात्र नदीसारखं वाहतं, त्याचं भय वाटत नाही. ईएन-८ हे साधं कार्बन पोलाद कापताना ब्लेडचा वेग मिनिटाला ६० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला १ मीटर. तुझ्या मशीनवर ३/४ टीपीआयचं, म्हणजे इंचाला तीन ते चार दात्यांचं, ब्लेड असेल, तर एका सेकंदात एका जागेवरून सव्वाशेहून जास्त दाते जातात. डोळ्याला एक चकचकीत पट्टी दिसते एवढंच.

आणि दुसरं, माणूस बहुतेक वेळा कट चालू असताना दुखावत नाही, कटच्या आजूबाजूच्या कामांत दुखावतो. चिप झाडताना, बार चढवताना, कापलेला पीस पडताना, ब्लेड बदलताना. म्हणून तुझं लक्ष कटपेक्षा या कामांवर जास्त हवं. कापून पडणारा १०० बाय १०० चा पीस सहा किलोंचा असतो, आणि तो पायावर पडतो तेव्हा कडेने पडतो. पुढे रोलर किंवा ट्रे लावल्याशिवाय कट सुरू करायचा नाही, आणि पीस हातात झेलायचा तर मुळीच नाही. सहा मीटरचा तोच बार ३७० किलो. तो क्रेनने आणि पट्ट्याने उचलायचा, दोघांनी मिळून रेटायचा नाही. बाहेर राहिलेल्या टोकाखाली स्टँड नसेल तर बार व्हाइसमध्ये उचलला जातो, शेवटच्या चार मिलिमीटरला कट मिटतो आणि ब्लेड चिमटलं जातं.

हातमोज्यांबद्दल तुमच्याकडे दोन मतं ऐकू येतील. माझं मत असं: ब्लेड हाताळताना आणि बार चढवताना जाड मोजे हवेतच, आणि ब्लेड फिरायला लागण्याआधी ते काढून खुंटीला टांगलेले हवेत. चष्मा मात्र पाळीभर डोळ्यांवर. शर्टाच्या बाह्या, गळ्यातला दोरा, हातातलं कडं, यांचं तुला सांगायला नको. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत हे १९४८ च्या कारखाने कायद्यातसुद्धा लिहिलेलं होतं. आणि हवेच्या गनने चिप उडवणारे तुला भेटतील, त्यांचं अनुकरण करू नकोस. ती चिप डोळ्यातच जाते, बहुधा शेजारच्याच्या.

व्हीलच्या कव्हरला एक लिमिट स्विच असतो. झाकण उघडलं की मशीन बंद पडतं. घाईतले लोक तो तारेने बांधून टाकतात. तुझ्या मशीनवर तो बांधलेला दिसला तर मेन्टेनन्सला लेखी कळव आणि तो सुटेपर्यंत मशीन चालवू नकोस. २७ बाय ०.९ मिमीच्या ब्लेडमध्ये चौरस सेंटिमीटरला दोन हजार किलोच्या पुढे ताण असतो, म्हणजे त्या पट्टीत अर्ध्या टनाचा ओढा साठलेला असतो. ती तुटली तर मध्ये ते झाकणच असतं.

ब्लेड बदलायचं काम सुरुवातीला कुणा जाणत्याबरोबर कर. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग टेन्शन सोडायचं. जुनं ब्लेड काढलं की व्हीलच्या कडा आणि गाईडमधली चिप पुसून घे, नव्या ब्लेडखाली जुनी चिप राहिली तर ते पहिल्या तासात बिघडतं. नवं ब्लेड तीन वेटोळी करून बांधलेलं येतं. ते सोडताना तोंड लांब ठेव, आजूबाजूला कोणी नको, एका हाताने वेटोळी धरून दुसऱ्या हाताने बांध काप. ते सापासारखं उसळून उघडतं. दात्यांवरची प्लास्टिकची पट्टी ब्लेड व्हीलवर बसेपर्यंत काढायची नाही. दाते कापायच्या दिशेला तोंड करून आहेत ना ते बघ, उलटे असतील तर ब्लेड आतलं बाहेर करून फिरव. झाकण लावूनच थोडं थोडं फिरवून बघायचं. ब्लेडची पाठ व्हीलच्या कॉलरजवळ चालावी, पण कॉलरला घासू नये. घासली की तिथे कडा मुडपते आणि तिथूनच चीर सुरू होते.

आता नव्या ब्लेडची गोष्ट, कारण महिन्याचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. तुझं ब्लेड बायमेटल असेल. पाठ स्प्रिंगसारख्या लवचीक पोलादाची, आणि दात्यांच्या टोकाला वेल्ड केलेलं एम-४२ हायस्पीड स्टील, ज्यात ८ टक्के कोबाल्ट असतो. नव्या दात्याची धार अती बारीक असते. नुकतं टोक काढलेली पेन्सिल जोरात दाबली तर काय होतं, तेच होतं. म्हणून ब्लेडचा वेग नेहमीचा ठेवायचा, पण फीड, म्हणजे ब्लेड जॉबमध्ये उतरण्याचा वेग, निम्म्यावर आणायचं आणि पहिले ३०० ते ६०० चौरस सेंटिमीटर तसेच कापायचे. १०० मिमीच्या बारचे चार ते आठ कट झाले की तेवढं होतं. मग फीड हळूहळू वाढव. प्रॉडक्शनवाले मागे उभे राहून "पळव रे" म्हणतील. त्यांना शांतपणे सांग, "साहेब, नवं ब्लेड आहे, आठ कट द्या, मग बघा." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! एकाही साहेबाने नंतर तक्रार केली नाही.

अर्ध्यावर कापलेल्या जॉबमध्ये नवं ब्लेड कधीही घालू नकोस. जुन्या ब्लेडची चीर अरुंद झालेली असते, नवं तिथे आवळतं, आणि जुन्याचा तुटलेला दाता आत रुतलेला असला तर नव्याचे दहा दाते तिथेच जातात. बार फिरवून दुसऱ्या बाजूने कट सुरू कर.

दाते किती हवेत याचा साधा हिशेब असा: जॉबमध्ये एका वेळी तीनपेक्षा कमी दाते असता कामा नयेत, आणि भरीव बारमध्ये सहा ते बारा-पंधरा असले तर उत्तम. ३/४ चं ब्लेड १०० मिमीला छान चालतं. तेच ब्लेड ३ मिमी जाडीच्या पाइपला लावलंस तर दोन दात्यांमध्ये ७ मिमीची मोकळी जागा, पाइपची भिंत तिच्यात अडकते आणि दाते झडतात. तिथे १०/१४, म्हणजे इंचाला दहा ते चौदा दात्यांचं हवं. स्टोअरमध्ये असेल नसेल, पण मागून तर ठेव.

वेग आणि फीड मात्र तक्त्यावरून सुरू होतात आणि चिपवरून ठरतात. ३०४ स्टेनलेसला मिनिटाला ३० मीटरच्या आसपास ठेव, म्हणजे ईएन-८ च्या निम्मं, पण फीड दबकत देऊ नकोस. दाता नुसता घासला की स्टेनलेस तिथे कडक होतं आणि पुढचा दाता त्या कडक थरावर आपटतो. चिप बघायची सवय लाव. चंदेरी, सैल गुंडाळलेली, हाताला कोमट: सगळं ठीक. निळी पडली तर उष्णता जास्त, वेग किंवा फीड कमी कर, कूलंट (थंड ठेवणारं तेल-पाणी) पोहोचतंय का बघ. पिठासारखा कीस पडत असेल तर फीड फार हलकं आहे. पण एक अपवाद ध्यानात ठेव, आपल्या कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग तुझ्याकडे येईलच. कास्ट आयर्नचा कीस पिठासारखाच पडतो, त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं, आणि ते सहसा कूलंटशिवाय, कोरडंच कापतात. (चिप हातात घ्यायची ती मशीन थांबवून, ट्रेमधून. हे पुन्हा लिहितोय, रागावू नकोस.)

कट वाकडा जायला लागला की लोक पहिल्यांदा ब्लेडला शिव्या देतात. आधी गाईडची बाही बघ. ती जॉबच्या जितकी जवळ, तितकं ब्लेड ताठ. मघाशी मोठा बार कापला आणि आता लहान घेतला, बाही तशीच लांब राहिली, हे दहातल्या सात वेळा कारण असतं असा माझा अनुभव. मग गाईडचे कार्बाइड पॅड झिजलेत का, टेन्शन उतरलंय का, फीड जास्त आहे का, आणि सगळ्यात शेवटी ब्लेडचे एका बाजूचे दाते बोथट झालेत का. रोज सकाळचा पहिला पीस गुण्या लावून बघ आणि वहीत लिहून ठेव. वाकडेपणा एका दिवसात येत नाही, वहीत तो दोन दिवस आधी दिसतो. लहान तुकडा व्हाइसच्या एका टोकाला धरावा लागला, तर जबड्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाल, नाहीतर जबडा तिरका होतो आणि जॉब मधेच फिरतो.

कूलंटकडे कोणी बघत नाही. सोमवारी सकाळी शेडमध्ये सडका वास आला तर समज, रविवारभर पाण्यावर तेलाचा थर बसला आणि खाली हवा न मिळून जंतू वाढले. तो थर आठवड्याला काढून टाक. मिसळताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. कटिंगला ८ ते १० टक्के प्रमाण लागतं. हे प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मागून घे, आणि रीडिंगला डब्यावर दिलेल्या गुणकाने गुण. पाणीच पाणी झालं तर ब्लेड जळतं, आणि प्रमाण फार वाढलं तर तुझ्या हाताला खाज सुटते. पाळी संपल्यावर हात साबणाने धू, केरोसीनने नको.

ब्रशचं मी वेगळं सांगत नाही. त्याचे केस दात्यांच्या मुळापर्यंत पोहोचले पाहिजेत आणि ब्रश ब्लेडबरोबर फिरत राहिला पाहिजे. झिजला की त्याच दिवशी माग, मिळेपर्यंत सुपरवायझरच्या टेबलासमोर उभा राहा. मी महिनाभर उभा राहिलो नाही.

शनिवारी जाताना टेन्शन सोडून ठेव. तुझं ब्लेड साडेतीन मीटरचं असेल तर ६० मीटरच्या वेगाला मिनिटात सतरा फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत दोनदा ते व्हीलवर वाकतं. आठ तासांत सोळा हजार वेळा वाकलेल्या पट्टीला सुटीच्या दिवशी तरी ताणून ठेवू नये.

दिवाळीला घरी येशील तेव्हा चार कागदी पुड्या बांधून आण: ईएन-८ ची चिप, ईएन-२४ ची, स्टेनलेसची आणि कास्टिंगचा कीस. पुडीवर ब्लेडचा टीपीआय, वेग आणि फीड लिही. ओट्यावर पांढऱ्या कागदावर पसरून दोघं मिळून बघू. काकूंना आधी सांगून ठेवतो.

तुझा,
काका