मुलगा की बाहेरचा सीईओ? तुमच्या शेअर्सचा निर्णय त्यावर टांगून ठेवू नका

प्रश्न: माझ्या वडिलांनी एका दूरसंचार कंपनीत आयुष्यभर नोकरी केली. त्यांच्या पश्चात त्या कंपनीचे शेअर्स माझ्या नावावर आले. आज ते माझ्या एकूण बचतीच्या साधारण ४० टक्के आहेत, पण त्यांना मतदानाचा हक्क नाही. कंपनी एका कुटुंबाच्या ताब्यात आहे. संस्थापकांनी ऐंशी ओलांडली आहे. मोठा मुलगा एक विभाग सांभाळतो, मुलगी संचालक मंडळावर आहे आणि रोजचा कारभार बाहेरून आलेले एक अनुभवी अधिकारी बघतात. पुढचा प्रमुख वर्षभरात ठरेल, असं ऐकते. माझ्या मुलीचं उच्च शिक्षण चार वर्षांवर आलं आहे. भाऊ म्हणतो, मुलाचं नाव जाहीर झालं तर लगेच विक, बाहेरच्या माणसाचं झालं तर ठेव. शिवाय हे शेअर्स विकणं म्हणजे वडिलांशी प्रतारणा वाटते. काय करू?

उत्तर: भावाचा सल्ला आपुलकीचा आहे, पण तो पाळू नका असंच मी सांगेन. त्यात दोन अडचणी आहेत. नाव जाहीर होईल त्या सकाळी बाजार तुमच्या आधी जागा झालेला असेल, म्हणजे ‘लगेच’ विकूनही भाव पडलेलाच मिळेल. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. कुटुंबाच्या ताब्यातल्या कंपनीत खुर्चीवर कोण बसलं यापेक्षा त्याला खुर्चीवरून कोण उठवू शकतं, हे महत्त्वाचं असतं. ती सत्ता तुमच्या कंपनीत कोणाच्या हाती जाणार, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. बहुधा तुम्हाला ते कोणी सांगितलंच नसेल.

कॅनडातल्या रॉजर्स कम्युनिकेशन्सचं उदाहरण तुमच्या परिस्थितीच्या अगदी जवळचं आहे. संस्थापक टेड रॉजर्स डिसेंबर २००८ मध्ये वारले. मुलगा एडवर्ड तेव्हा केबल विभागाचा प्रमुख होता. पण २००९ मध्ये संचालक मंडळाने सीईओ म्हणून नादिर मोहम्मद यांना निवडलं, म्हणजे घराबाहेरच्या, कंपनीत मुरलेल्या माणसाला. त्यांच्यानंतर आले गाय लॉरेन्स आणि २०१७ मध्ये जो नटाले, तेही बाहेरचेच. तुमच्या भावाच्या नियमाने या सगळ्या काळात निश्चिंत राहायला हवं होतं. पण मतदानाचा हक्क असलेल्या शेअर्सपैकी सुमारे ९७ टक्के कुटुंबाच्या ट्रस्टकडे होते आणि त्या ट्रस्टची सूत्रं एडवर्ड यांच्याकडे होती. २०२१ मध्ये त्यांना नटाले यांच्या जागी वित्तप्रमुख टोनी स्टाफिएरी हवे होते. आई आणि दोन बहिणी विरोधात गेल्या. मंडळाने एडवर्ड यांनाच अध्यक्षपदावरून काढलं. त्यांनी भागधारकांची सभाही न बोलावता, ट्रस्टच्या मतांच्या जोरावर लेखी ठराव करून पाच संचालक बदलले. प्रकरण कोर्टात गेलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायालयाने तो ठराव वैध ठरवला आणि काही दिवसांत नटाले गेले. हे सगळं घडलं तेव्हा कंपनीने शॉ कम्युनिकेशन्स ही कंपनी कर्जासकट सुमारे २६ अब्ज कॅनेडियन डॉलरला घ्यायचा सौदा केलेला होता. मतदानाचा हक्क नसलेल्या हजारो भागधारकांनी हे भांडण वर्तमानपत्रात वाचलं. त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि तुम्हीही त्यांच्याच रांगेत आहात.

म्हणून नावाची वाट बघण्याआधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. संस्थापकांची मतं त्यांच्यानंतर कोणाकडे जातात, ट्रस्ट आहे का, असल्यास त्यात बहीण-भावांचं पटलं नाही तर निर्णय कसा होतो, हे शोधा. कंपनी कोणी विकत घेतली तर तुमच्या शेअर्सना मतदानाच्या शेअर्सइतकाच भाव मिळेल का, हेही बघा. ही तरतूद काही कंपन्यांच्या नियमावलीत असते, काहींत नसते.

भावाच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असं मात्र नाही. डेन्मार्कमधल्या हजारो कंपन्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्यात एक छान युक्ती वापरली. पहिलं अपत्य मुलगा असेल तर खुर्ची घरातच जाण्याची शक्यता जास्त दिसते, आणि मुलगा होणार की मुलगी हे कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून नसतं. त्या आधाराने मोजल्यावर दिसलं की घरातला माणूस प्रमुख झाल्यावर मालमत्तेवरचा परतावा, म्हणजे मालमत्तेच्या तुलनेत मिळणारा नफा, सरासरी किमान चार टक्के अंकांनी घसरतो. निष्कर्ष गंभीर आहे, पण तो सरासरीचा आहे आणि तिथल्या बहुतेक कंपन्या तुमच्या कंपनीपेक्षा खूप लहान होत्या. सरासरीच्या विरुद्ध जाणारी घराणी याच धंद्यात आहेत. अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल कंपनीत संस्थापक राल्फ रॉबर्ट्स यांच्यानंतर मुलगा ब्रायन आला आणि कंपनी अनेक पटींनी वाढली. त्यांच्याकडे कंपनीची मालकी जेमतेम एक टक्का असून मतं मात्र एक तृतीयांश आहेत. मेक्सिकोच्या अमेरिका मोव्हिल या मोबाइल कंपनीचा कारभार अब्जाधीश उद्योगपती कार्लोस स्लिम यांचे जावई डॅनियल हाज यांनी दीर्घकाळ सांभाळला आहे.

भारतातलं उदाहरण तुम्हाला ठाऊकच असेल. धीरूभाई अंबानी २००२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, २००५ मध्ये वाटणी झाली आणि दूरसंचार धंदा धाकट्या भावाकडे गेला. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्ज, दरयुद्ध, तंत्रज्ञानाची निवड अशी अनेक कारणं त्यामागे होती. मोठ्या भावाने स्पर्धा न करण्याचा करार २०१० मध्ये संपल्यावर त्याच धंद्यात नव्याने पाय ठेवला, २०१६ मध्ये जिओ आणलं आणि २०२२ मध्ये जिओ इन्फोकॉमचं अध्यक्षपद मुलाकडे, आकाशकडे दिलं. दोन्हीकडे मालक घरातलेच होते, दोघांचे बाप एकच होते. रक्ताच्या नात्यावरून शेअरचं भविष्य वाचता येत नाही, याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

या धंद्यात मला जास्त काळजी वाटते ती कर्जाची. स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल सेवेला लागणाऱ्या रेडिओ लहरींचा, परवाना अनेक देशांत वीस-वीस वर्षांसाठी असतो आणि त्याचे पैसे आधी मोजावे लागतात. मग टॉवर, फायबर, आणि दर दहा वर्षांनी नवी पिढी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी. आज लिलावात चढी बोली लावणाऱ्या प्रमुखाची चूक त्याच्यानंतरच्या प्रमुखाच्या काळात हिशोबात दिसते. म्हणून नव्या माणसाला पहिली दोन वर्षं गुणही देऊ नका आणि दोषही. कर्ज वार्षिक कार्यकारी नफ्याच्या किती पट आहे आणि ते कुठल्या दिशेने चाललं आहे, एवढं दर तिमाहीला बघा. लाभांशावरही फार विसंबू नका. व्होडाफोनवर कुठल्याही घराण्याचा ताबा नव्हता, तरी २०१९ मध्ये तिने लाभांश ४० टक्क्यांनी कापला. तुम्ही तो लाभांश घरखर्चात धरला असेल, तर आजपासून वगळून हिशोब करून बघा.

आता तुमच्या पैशांबद्दल. कंपनी उत्तम असली तरी ४० टक्के हे प्रमाण जास्तच आहे. भाव निम्मा झाला तर तुमच्या सगळ्या बचतीचा पाचवा भाग जाईल, आणि तोही मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावर. हेच प्रमाण १० टक्के असेल तर तशाच घसरणीत पाच टक्के जातील. वाईट वाटेल, पण मुलीचं कॉलेज बदलावं लागणार नाही.

म्हणून शिक्षणाला लागणारी रक्कम सगळ्यात आधी, उत्तराधिकाऱ्याची घोषणा व्हायच्या आत, बाहेर काढा आणि मुदत ठेव किंवा कमी मुदतीच्या सुरक्षित रोख्यांत ठेवा. चार वर्षांवर आलेला खर्च एका शेअरच्या भरवशावर सोडायचा नसतो. उरलेले शेअर्स पुढच्या दीड वर्षात तीन-चार हप्त्यांत, ठरवलेल्या तारखांना विका, कोणाचंही नाव जाहीर होवो. ते पैसे बाजारातल्या अनेक कंपन्यांत एकदम पैसे गुंतवणाऱ्या एखाद्या व्यापक इंडेक्स फंडात जाऊ द्या आणि १० टक्क्यांपाशी थांबा. विक्रीआधी करसल्लागाराला एक प्रश्न नक्की विचारा: भांडवली नफा वडिलांच्या खरेदीच्या भावापासून मोजला जाईल, की शेअर्स तुमच्याकडे आले त्या दिवसाच्या भावापासून? देशोदेशी नियम वेगळा आहे आणि हप्त्यांच्या तारखा त्यावरून मागेपुढे कराव्या लागतील.

राहिलेले १० टक्के वडिलांची आठवण म्हणून ठेवा, त्यात काही गैर नाही. दोन परिस्थितींत मात्र तेही विकायला मी सांगेन: स्वतंत्र संचालक एकापाठोपाठ एक राजीनामे देऊ लागले, किंवा कंपनी कुटुंबाच्या इतर व्यवसायांशी मोठे व्यवहार करू लागली, तर नव्या प्रमुखाचं आडनाव काहीही असलं तरी थांबू नका.

तुम्ही पत्रात लिहिलं आहे की हे शेअर्स विकणं म्हणजे वडिलांशी प्रतारणा वाटते. ही भावना मी हलक्यात घेत नाही. पण त्यांनी हे शेअर्स घेतले तेव्हा त्यांचा पगारही तिथूनच येत होता, आणि नोकरी व बचत एकाच कंपनीत ठेवण्याची जोखीम त्यांनी आतून सगळं दिसत असताना पत्करली होती. तुम्हाला आतलं काही दिसत नाही आणि मतही देता येत नाही. पहिल्या विक्रीची तारीख याच महिन्यातली ठरवा आणि भावाला ती आधीच सांगून ठेवा, म्हणजे घोषणेच्या दिवशी त्याचा फोन आला तरी तुम्हाला नव्याने काही ठरवावं लागणार नाही.