कंटेनरसाठी रनटाइम सुरक्षा कशी निवडावी: फाल्को, टेट्रागॉन, जीव्हायजर की विकतचं उत्पादन?

तुम्ही विचारलंय की चार जणांची टीम आहे, नाशिकला गंगापूर रोडवर ऑफिस आहे, तीस-चाळीस कंटेनर (आपापल्या बंद डब्यात चालणारी सॉफ्टवेअर) नुकतेच कुबरनेटीजवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) नेलेत आणि आता एक विक्रेता रनटाइम सुरक्षेचं (कंटेनर चालू असताना हल्ला ओळखण्या-अडवण्याचं) महागडं उत्पादन घ्या म्हणून मागे लागलाय. ते घ्यावं, की फाल्को, टेट्रागॉन (दोन्ही चालू कंटेनरवर नजर ठेवणारी), जीव्हायजर (कंटेनरभोवती वेगळी भिंत घालणारा) यांपैकी मोफत मिळणारं काही बसवावं?

मी सातपूरला एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो. द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाऊसला लागणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. हीच निवड आमच्यापुढेही होती आणि आम्ही ती उलट्या क्रमाने केली. त्याची किंमत मोजली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारीचा महिना, ऐन हंगाम. सकाळी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमधून फोन आला की पॅलेटचं एकेक लेबल निघायला दोन-दोन मिनिटं लागताहेत, माल प्री-कूलिंगच्या दारात उभा आहे. नोडवर (कंटेनर चालतात त्या मशीनवर) जाऊन पाहिलं तर एक प्रोसेस सगळे कोर खात होती. नाव होतं ‘केवर्कर’. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्वतःच्या धाग्यांचं (आतल्या छोट्या कामांचं) नावही हेच असतं, त्यामुळे पहिल्या नजरेत सोडून दिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा खटकलं. खऱ्या केवर्करची पालक प्रोसेस क्रमांक २ असते. याची पालक होती आमच्या पीडीएफ बनवणाऱ्या कंटेनरमधली एक शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम). ही प्रोसेस नेमकी कुठल्या फाइलमधून चालली आहे ते बघितलं तर टेंप फोल्डरमधली एक लपवलेली फाइल निघाली. मोनेरो हे आभासी चलन खणणारा मायनर होता. पीडीएफ लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून आत आला होता. कंटेनर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत होता, बाहेर कुठेही जोडणी करायला मोकळा होता आणि सीपीयूची मर्यादा आम्ही घातलेलीच नव्हती.

आणि फाल्को बसवलेला होता. त्याने पहाटे तीनच्या सुमारास अलर्टही दिला होता. पण दिवसाला शेकडो अलर्ट येणारं ते चॅनेल आम्ही चौघांनीही म्यूट केलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: तुमच्याएवढ्या टीमने आधी हल्ला अडवणाऱ्या गोष्टी चालू कराव्यात, ओळखणारं साधन त्यानंतर. द्राक्षबागेत डाऊनी रोगाची फवारणी पान पिवळं पडायची वाट बघून कोणी करत नाही, आभाळ भरून आलं की करतो. इथेही तसंच, आणि यातलं बहुतेक सगळं लिनक्स कर्नलमध्ये आधीपासून आहे, वेगळे पैसे लागत नाहीत.

कारण समजून घ्या. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो. कंटेनरला नसतो, एका नोडवरचे सगळे कंटेनर त्या नोडचाच कर्नल वापरतात. त्यामुळे आत शिरलेला माणूस कर्नलला कोणते सिस्टिम कॉल (कामाच्या विनंत्या) करू शकतो, यावर बरंच काही ठरतं. सेककॉम्प हे कर्नलमधलं साधन नेमके तेच कॉल गाळतं. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा ठरलेला सेककॉम्प प्रोफाइल (नियमांची यादी) तीनशेहून जास्त कॉलपैकी सुमारे ४४ बंद ठेवतो. पण तेच कंटेनर कुबरनेटीजवर नेले की, तुम्ही सांगितल्याशिवाय, हा प्रोफाइल लागत नाही. हे अनेकांना माहीतच नसतं. २०२३ साली आलेल्या १.२७ आवृत्तीपासून सगळ्या नोडवर तो आपोआप लावण्याची सोय स्थिर झाली आहे, तरी कुबलेटमध्ये (प्रत्येक नोडवरच्या कुबरनेटीजच्या एजंटमध्ये) ती चालू आपल्यालाच करावी लागते.

याने काय फरक पडतो? जानेवारी २०२२ मध्ये कर्नलमधली सीव्हीई-२०२२-०१८५ ही त्रुटी बाहेर आली. तिचा वापर करून कंटेनरमधून थेट नोडवर उडी मारता येत होती. त्यासाठी हल्लेखोराला आधी ‘अनशेअर’ हा कॉल करून स्वतःची वेगळी युजर नेमस्पेस (वापरकर्त्यांच्या अधिकारांचं वेगळं विश्व) बनवावी लागायची. डॉकरचा प्रोफाइल तो कॉल अडवतो, त्यामुळे साध्या डॉकरवर तो मार्ग बंद होता; सेककॉम्प न लावलेल्या कुबरनेटीजवर उघडा होता.

म्हणून पहिलं काम: कुबरनेटीजच्या पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) सुरक्षा मानकांमधला ‘रिस्ट्रिक्टेड’ स्तर तुमच्या नेमस्पेसला (क्लस्टरमधल्या तुमच्या विभागाला; वरची युजर नेमस्पेस वेगळी) लावा. तो सेककॉम्प मागतो, रूट नसलेला वापरकर्ता मागतो, सगळ्या कॅपॅबिलिटीज (रूटचे सुटे सुटे अधिकार) काढायला लावतो आणि प्रोसेसला मागाहून अधिकार वाढवू देत नाही. एका लेबलचं काम आहे. मात्र थेट सक्ती करू नका. आठवडाभर नुसत्या इशाऱ्याच्या मोडवर ठेवा, कोणते पॉड नियम मोडतात ते बघा, एकेक दुरुस्त करा. आम्हाला जवळपास तीन आठवडे लागले. त्यातला अर्धा वेळ एकाच जुन्या सर्व्हिसवर गेला, कारण ती ८० पोर्टवर ऐकायची आणि लॉग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायची. रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली करणं या स्तरात येत नाही. ते वेगळं करा.

दुसरं काम बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फायदा याने होतो आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याकडेच होतं. आमच्या पीडीएफच्या पॉडला डीएनएस आणि डेटाबेस सोडून कुठेही जायची गरज नव्हती. तेवढीच परवानगी देणारी एक नेटवर्क पॉलिसी असती तर मायनर डाउनलोडच झाला नसता, आणि कसाबसा आला असता तरी त्याच्या पूलशी (मायनर ज्या बाहेरच्या सर्व्हरसाठी काम करतो त्याच्याशी) बोलू शकला नसता. एक खबरदारी घ्या: पॉलिसी लागू करण्याचं काम तुमच्या नेटवर्क प्लगइनचं असतं. नुसतं फ्लॅनेल हे प्लगइन असेल तर पॉलिसी मुकाट स्वीकारली जाते आणि काहीच अडत नाही. कॅलिको किंवा सिलियम असेल तर ठीक.

अ‍ॅपआर्मर किंवा एसईलिनक्स (प्रोसेस कशाला हात लावू शकते ते ठरवणारं कर्नलचं सुरक्षा मॉड्यूल) तुमच्या लिनक्सबरोबर बहुधा येतंच. कुणी त्रास होतो म्हणून बंद केलं असेल तर परत चालू करा. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणाऱ्या प्रोग्रामची मोठी त्रुटी आली, ज्यात कंटेनरमधून नोडवरची रनसीची फाइलच बदलता यायची, तेव्हा रेड हॅटच्या प्रणालींवर एसईलिनक्स सक्तीच्या मोडवर असेल तर तो हल्ला अडत होता.

एवढं झालं की मग राखणदार, म्हणजे ओळखणारं साधन. फाल्को सांगतो, अडवत नाही. टेट्रागॉन कर्नलमधूनच प्रोसेस मारून टाकू शकतो. क्यूबआर्मर कर्नलच्या सुरक्षा मॉड्यूलकडून ती कृतीच नाकारतो. तुमच्यासाठी मी फाल्को निवडेन, पण पाच-सहाच नियम चालू ठेवून: कंटेनरच्या इमेजमध्ये (मूळ साच्यात) नसलेली फाइल चालली, फाइल डिस्कवर न ठेवता थेट मेमरीतून चालवली, कंटेनरमध्ये शेल उघडली, कुबरनेटीज एपीआयशी अनोळखी पॉड बोलला, असे. प्रत्येक अलर्ट कोणाच्या फोनवर वाजणार त्या माणसाचं नाव ठरवा. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त खोटे अलर्ट आले तर नियम बदला. मारून टाकणारी धोरणं सहा महिन्यांनी बघा. स्वतःच्या सर्व्हिसचं वागणं नीट माहीत नसताना ती लावली तर हंगामात आपलीच प्रोसेस आपण मारू.

आणि राखणदाराला सगळं दिसतं असं समजू नका. २०२५ मध्ये आर्मो कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की आयओ युरिंग (दर कामाला वेगळा सिस्टिम कॉल न करता कर्नलकडून कामं करून घेण्याची सोय) वापरणारा रूटकिट (लपून बसणारं घातक सॉफ्टवेअर) सिस्टिम कॉलवर नजर ठेवणाऱ्या साधनांच्या नजरेतून निसटतो. डॉकर आणि कंटेनरडी (कंटेनर चालवणारं दुसरं साधन) यांच्या नव्या आवृत्त्यांचा ठरलेला सेककॉम्प प्रोफाइल आयओ युरिंगचे कॉलच बंद ठेवतो. म्हणजे इथेही आधीचं अडवणंच कामी येतं.

जीव्हायजर आणि काटा कंटेनर्सची गोष्ट वेगळी. गूगलने २०१८ मध्ये खुला केलेला जीव्हायजर कंटेनर आणि कर्नल यांच्यामध्ये स्वतःचा छोटा कर्नल उभा करतो. काटा प्रत्येक पॉडला हलकं व्हर्च्युअल मशीन देतो, म्हणून त्याला हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन लागतं, आणि भाड्याच्या क्लाउड मशीनवर ते मिळेलच असं नाही. अनोळखी माणसांचा कोड चालवत असाल तर यातलं एक हवंच. आपलाच कोड असेल तर सगळीकडे नको. फाइल्स किंवा नेटवर्कचं काम जास्त असेल तिथे जीव्हायजरचा वेग कमी पडलेला जाणवतो. पण एखाद्याच पॉडला तो लावता येतो. आम्ही आता बाहेरून आलेल्या फाइल उघडणारं ते पीडीएफचं काम जीव्हायजरमध्ये ठेवलंय, बाकी सगळं साध्या रनसीवर.

नोंदींचाही विचार आत्ताच करा. सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. पॉड मेला की त्याच्यासोबत पुरावाही जातो. आम्ही त्या सकाळी घाईघाईत पॉडच उडवला आणि आत नेमकं काय-काय झालं ते नंतर कधीच पूर्ण कळलं नाही. लॉग क्लस्टरच्या बाहेर जात राहिले पाहिजेत, आणि संशयित पॉड उडवण्याआधी त्याचं नेटवर्क तोडून तो तसाच बाजूला ठेवायला टीमला शिकवा.

विक्रेत्याचं उत्पादन वाईट असेल असं मी म्हणत नाही. चांगला डॅशबोर्ड आणि रात्री अलर्ट वाचणारी त्यांची माणसं मिळत असतील तर पैसे वसूल होऊ शकतात. तुमच्याकडे रात्रपाळी नाही. पण सही करण्याआधी त्यांना तुमच्या स्टेजिंगवर (चाचणीच्या व्यवस्थेवर) बसवायला सांगा. मग एखाद्या रविवारी पहाटे, त्यांना न कळवता, एका पॉडमध्ये शेल उघडा, बाहेरून एक निरुपद्रवी बायनरी (चालवता येणारी फाइल) टेंपमध्ये आणून चालवा आणि घड्याळ लावा. फोन किती मिनिटांनी वाजतो, आणि वाजल्यावर पलीकडचा माणूस पॉडचं नाव सांगतो की नुसता तिकीट क्रमांक देतो, ते बघा.