सी अँड ओ कालव्याच्या वाटेवर धावायचंय?

अरे, अमेरिकेतल्या या जुन्या चेसापीक अँड ओहायो कालव्याकाठची वाट सपाट आहे म्हणून गाफील राहू नकोस. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत 184.5 मैलांत चढ जेमतेम 605 फूट, तोही 74 लॉकपाशी (होड्या वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांपाशी) थोडा थोडा वाटलेला. म्हणजे तासन्‌तास तेच स्नायू, तीच चाल. पहिल्या खेपेला दहाव्या मैलावर माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. दर वीस मिनिटांनी मिनिटभर चालून घे. लाज कसली? ही वाट मुळात कोळशाच्या होड्या ओढणाऱ्या खेचरांचीच!

सुरुवात जॉर्जटाउनहून कर, मैलाचे खांब मोजत जा आणि पाचव्या खांबावरून परत फिर. पाणी सोबतच ठेव; वाटेवरच्या मुक्कामाच्या तळांवरचे हातपंप हिवाळ्यात बंद असतात. पाऊस पडून गेला असेल तर नवे बूट घरीच राहू देत.

याच वाटेवर पुढे असलेला पॉ पॉ बोगदा मात्र कधीतरी कर. 3,118 फूट, 1836 ला काम सुरू, 1850 ला पूर्ण. आत टॉर्च हवाच. आणि तिथे धावू नकोस, चाल. कठड्यावरून हात फिरव, होड्यांच्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतील.

इअरफोन एकाच कानात. मागून सायकलची घंटा वाजली की उजवीकडे सरक.