खाडीकाठच्या जेट्टीवर रात्रीसाठी किती वॉटचे दिवे लावावेत?

वॉट नंतर बघू. आधी दिव्याचं तोंड कुठे आहे आणि ओहोटीला तो होडीतल्या माणसाला कसा दिसेल, ते ठरवा. तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईच्या बाजूला तुमच्या जेट्टीला रात्री येणाऱ्या होड्या घासतात, म्हणून 200 वॉटचे दोन फ्लडलाइट पाण्याकडे तोंड करून लावायचं बैठकीत ठरतंय. खुशाल लावा, आज होड्या घासतायत, उद्या धडकतील!

आमच्या भागातल्या एका जेट्टीवर नेमकं हेच करून झालंय. सात मीटरचा खांब, 6500 केल्व्हिनचा पांढराफेक एलईडी, तोंड थेट खाडीकडे. ठेकेदाराचं म्हणणं एकच, ‘पाणी दिसलं पाहिजे.’ पण असं पाणी दिसत नाही हो! तिरका पडलेला उजेड पाण्यावरून घसरून पुढे जातो, तो समोरून येणाऱ्या तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, डोळ्यात. जो पाण्यात शिरतो तो आपल्या खाडीच्या गाळात विरतो. तांडेलाला दिसतो तो दिव्यापासून होडीपर्यंत आलेला एक लांब चकाकता पट्टा. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली बिनदिव्याची होडी, जाळ्याचे फ्लोट, डोल जाळ्याचे पाण्यात रोवलेले खांब, सगळं काळ्यात काळं होऊन जातं. डोळा अंधाराला पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि तो सराव एका झळीत जातो. जेट्टीवर उभा राहून बघणाऱ्याला मात्र लख्ख वाटतं, म्हणून हा वाद बैठकीत कधी सुटत नाही.

दुसरी भानगड भरती-ओहोटीची. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. भरतीला तांडेलाचा डोळा जेट्टीच्या फरशीच्या बरोबरीला असतो, ओहोटीला तोच तीन-चार मीटर खाली जातो. ‘फुल कटऑफ’ म्हणून विकलेला दिवा बाजूने झाकलेला असतो, खालून उघडाच. चार मीटरच्या खांबावरचा असा दिवा ओहोटीला 15 मीटरवरून बघा, काच सरळ दिसते. होडी वळवून लावायची वेळ नेमकी तीच.

म्हणून दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे घ्या, खोल बसवलेल्या काचेचे, वर पत्र्याच्या पट्ट्या असलेले. ते कठड्यापासून मीटरभर आत बसवा, तोंड फरशीकडे आणि पाण्याच्या बाजूला बंद पत्रा. 5 ते 6 वॉटचा एक, दर चार-पाच मीटरला. रंग 2700 केल्व्हिन किंवा त्याहून पिवळा. पायऱ्यांना प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेखाली छोटा दिवा. जेट्टीचे कोपरे आणि खांब दाखवायला दिवा लागतच नाही, रिफ्लेक्टिव्ह टेप पुरते. फक्त ती खांबावर उभी, भरतीच्या रेषेपासून खाली शक्य तेवढी लांब लावा, म्हणजे पाणी कुठेही असलं तरी थोडी उघडी राहील. गाळाने माखते, अधूनमधून पुसावी लागते. तांडेलाने टॉर्च डोळ्याजवळ धरायचा, कारण ही टेप उजेड आला तिकडेच परत फेकते.

वायरिंगमध्ये लोक पैसे वाचवतात आणि पावसाळ्यात पुन्हा घालवतात. 24 व्होल्ट डीसी घ्या, 12 नको. दहा दिव्यांचे 60 वॉट म्हणजे अडीच अँपिअर. 40 मीटर लांब 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलवर सगळा भार टोकाला धरला तरी दीड व्होल्ट पडतो. 12 व्होल्टला हाच हिशोब तीन व्होल्टवर जातो आणि शेवटचे दिवे मिणमिणतात. केबल कथिल चढवलेल्या तारेची, नाहीतर खारी हवा आतून हिरवं करते. पॉवर सप्लाय उधाणाच्या रेषेच्या वर, काठावरच्या पेटीत. 230 व्होल्टच्या बाजूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. दिव्यावर आयपी 67, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. पाणी काचेतून क्वचित शिरतं, शिरतं ते ग्लँडमधून, म्हणजे केबल जिथून दिव्यात जाते त्या बुचातून: दिवसा तापलेला दिवा रात्री गार होताना ओली हवा आत ओढतो. ग्लँडचं तोंड खाली, केबलला आधी एक झोळ, स्क्रू 316 स्टेनलेसचे.

मोशन सेन्सर लावायचाच तर फाटकावर. धक्क्यावर लावलात तर होडी टेकते त्याच क्षणी भक्कन उजेड पडतो. त्यापेक्षा दहा मिनिटांचा टायमर-स्विच बरा. पाण्याखालच्या निळ्या दिव्यांबद्दल कुणी बोललं तर चहा पाजून घरी पाठवा. आपल्या गढूळ खाडीत ते हातभर पुढेही काही दाखवत नाहीत.

एक राहिलंच. शोभेसाठी लाल-हिरवे दिवे अजिबात नको. समुद्राकडून आत येताना आपल्याकडे डाव्या हाताचा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) लाल, उजव्याचा हिरवा. होडीचाही डाव्या बाजूचा दिवा लाल, उजवीचा हिरवा. शोभेचा दिवा त्यातलाच समजला तर घोटाळा. वाशीच्या पुलाखालून दक्षिणेला निघालं की डावीकडे पाम बीच रोडच्या दिव्यांची माळ असतेच, तिच्यात होडीचा बारीक दिवा आधीच हरवतो. आणि दोष नेहमी जेट्टीचाच असतो असंही नाही. सात मीटरपेक्षा लहान, सात नॉटच्या आत चालणाऱ्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो, पण तो तांडेलाच्या डोक्याच्या वर हवा. नाकासमोर बांधला तर जेट्टी कितीही नीट करा, त्याला काही दिसणार नाही. नवीन खांब, दिवे लावण्याआधी मेरीटाइम बोर्डाला विचारा, आणि फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द जवळ असेल तर वन खात्यालाही.

बैठकीतल्या त्या ‘पाणी दिसलं पाहिजे’वाल्या गृहस्थांना अमावास्येच्या ओहोटीला होडीत बसवा. 100, 50 आणि 15 मीटरवरून जेट्टीकडे बघायला सांगा. काच कुठूनही दिसली तर तिथे पत्रा ठोकायचा. 200 वॉटचे फ्लडलाइट आधीच विकत घेतले असतील तर गाड्या लावायच्या जागेवर लावा, जमिनीकडे तोंड करून.