मशालीचे बटण आणि लाल बावटा

मागील अंकात या स्तंभात आम्ही लिहिले होते की, मुंबईत डाव्या पक्षांना मते मिळत नाहीत हे अर्धेच खरे आहे. पुष्कळ ठिकाणी ती मागितलीच जात नाहीत. या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा सूर दुखावलेला होता. त्यांपैकी चार पत्रे येथे संक्षेपाने देत आहोत.

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही, पण युनियनची वर्गणी त्यांनी त्यानंतरही काही वर्षे भरली. आमच्या घरात विळा-कणसाखेरीज दुसऱ्या चिन्हाची गोष्ट निघत नसे. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी पक्षाचे एक जुने कार्यकर्ते संध्याकाळी चाळीत आले, गॅलरीत बसून चहा घेतला आणि निघताना चप्पल पायात सरकवत म्हणाले, "ताई, या वेळी मशाल." मी कारण विचारले, तर म्हणाले, "वरून ठरले आहे." मी मशालीचे बटण दाबले. घरी आल्यावर मात्र वडिलांच्या तसबिरीकडे पाहवेना. पक्ष बदलला आहे, की मीच जुन्या गोष्टी कवटाळून बसले आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, लालबाग

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या आहेत, परंतु आपल्या मनाला लागले आहे ते तिसरेच काहीतरी असावे, असे आपले पत्र दोनदा वाचल्यावर आम्हांला वाटले. ते "वरून ठरले आहे" या तीन शब्दांत आहे.

लालबाग-परळमध्ये मशालीला, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला, मत द्या असे सांगणे हे भिवंडीत किंवा नाशकात सांगण्यासारखे नाही. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि आरोप शिवसेनेच्या कार्यकर्त्यांवर आला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक यांनी त्यांचा थोडक्या मतांनी पराभव केला. महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार. ज्या वस्तीने १९२८ चा गिरणी संप लढवला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५७ साली कॉम्रेड डांगे यांना लोकसभेत पाठवले, तिथेच लाल बावट्याची उतरण सुरू झाली ती त्या पोटनिवडणुकीपासून, असे मानणारी माणसे आजही आपल्या आसपास असतील. आपले वडीलही त्यांतलेच असावेत.

आता दुसरी बाजू. आजची मशाल म्हणजे १९७० ची शिवसेना नव्हे, ती फुटलेल्या पक्षाचा एक भाग आहे. आणि केंद्रातील सत्ताधाऱ्यांना अडवायचे तर विरोधकांची मते फुटू देऊ नयेत, या युक्तिवादात खोट काढणे सोपे नाही. डाव्या पक्षांनी ही उडी एका रात्रीत मारली असेही नाही. २०१९ साली महाविकास आघाडीच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला तेव्हा डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे (माकप) आमदार विनोद निकोले तटस्थ राहिले होते. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत दोन्ही कम्युनिस्ट पक्षांनी ठाकरे गटाच्या उमेदवार ऋतुजा लटके यांना पाठिंबा दिला. २०२४ मध्ये मुंबईतील सहाही लोकसभा जागा आघाडीत ठाकरे गट आणि काँग्रेस यांच्या वाट्याला गेल्या आणि डाव्या कार्यकर्त्यांनी त्यांचा प्रचार केला. तटस्थता, पाठिंबा, प्रचार अशा या पायऱ्या पाच वर्षांत चढल्या गेल्या. प्रत्येक पायरीमागे काही कारण होते. आपल्या गॅलरीपर्यंत मात्र कारण आलेच नाही, फक्त चिन्ह आले.

आमचे मत असे की, युती करणे हा पक्षाचा अधिकार आहे. पण ज्या मतदाराकडून पन्नास वर्षे एक गोष्ट करून घेतली त्याला उलटी गोष्ट करायला सांगताना त्याच्यासमोर बसून कृष्णा देसाईंचे नाव उच्चारणे, आणि तरीही हे का करत आहोत ते सांगणे, हे पक्षावरचे ऋण आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाला (भाकप) हे जमत नाही असेही म्हणता येत नाही. आणीबाणीला दिलेला पाठिंबा चुकला, हे त्या पक्षाने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात मान्य केले होते. जी चूक तीन वर्षांत अधिवेशनात कबूल करता येते, तिच्याहून कितीतरी लहान असलेला एक निर्णय अर्ध्या तासात चहाबरोबर समजावून सांगता आला असता.

जाता जाता एक आठवण. शिवसेनेशी हातमिळवणी करणारे डावे काही आजचे नाहीत. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली होती. शिवसेना त्या निवडणुकीतून मोठी झाली आणि प्रजा समाजवादी पक्ष पुढे चार वर्षेही स्वतंत्र राहिला नाही. याला युती हेच एकमेव कारण होते असे आम्ही म्हणणार नाही, पण धाकट्या भावाच्या भूमिकेतून युतीत जाणाऱ्याने हा इतिहास वाचलेला बरा.

आणि मोबदल्यात काय मिळाले, हेही विचारले पाहिजे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर शहर मध्य मतदारसंघात माकपचे नरसय्या आडम उभे असताना मित्रपक्ष असलेल्या काँग्रेसने तिथे आपलाही उमेदवार दिला. जागा भाजपने जिंकली. जुलै २०२५ मध्ये 'कडव्या डाव्या' संघटनांना आवर घालण्यासाठी म्हणून जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आले, तेव्हा त्याला विरोध नोंदवणारे आमदार एकटे निकोले होते. विधान परिषदेत दुसऱ्या दिवशी मित्रपक्षांनी सभात्याग केला, हे खरे. पण विधानसभेतील ती वेळ निघून गेली होती. ज्या कायद्याच्या उद्देशातच 'डाव्या' हा शब्द आहे, त्याबाबतीत मित्र खालच्या सभागृहात सोबत उभे राहत नसतील, तर आपण दाबलेल्या बटणाची किंमत कुणी ठेवली, असा प्रश्न आपण त्या कार्यकर्त्यांना पुढच्या चहाच्या वेळी जरूर विचारावा. ते भले गृहस्थ असावेत. त्यांच्यापाशी उत्तर नसेल, पण ते प्रश्न वर नेतील.

प्रश्न : पक्षाच्या भूमिकेवरील मतभेद पक्षाच्या आत मांडायचे असतात. आपण मासिकातून मतदारांची नाराजी छापता, त्याने फायदा कुणाचा होतो हे आपल्यासारख्या जाणत्यांना सांगायला नको. शिस्त सोडली तर डाव्या पक्षात उरते काय?
— एक पक्षसभासद, चेंबूर

उत्तर : आपला आक्षेप प्रामाणिक आहे आणि आपल्यापुरता तो बरोबरही आहे. आपल्याला शाखा आहे. अधिवेशनाच्या दोन महिने आधी राजकीय ठरावाचा मसुदा आपल्यापर्यंत येतो, त्यावर दुरुस्त्या सुचवता येतात, शाखेत भांडता येते, आणि एकदा ठरले की बाहेर एका आवाजात बोलायचे हा करार आपण समजून-उमजून स्वीकारला आहे. दोन सभासदांची शिफारस आणि एक वर्षाची उमेदवारी पार करून आपण त्या जागी पोचला आहात. मतदाराने मात्र अशा कोणत्याही अर्जावर सही केलेली नाही. त्याला शाखा नाही, मसुदा नाही, दुरुस्ती नाही. आणि तरीही त्याने शिस्त पाळावी, अशी आपली अपेक्षा दिसते.

मार्च २०१८ मधील ती रात्र आपल्यालाही आठवत असेल. किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकहून निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले होते. दहावीच्या मुलांची परीक्षेच्या दिवशी सकाळी रस्त्यात अडचण होऊ नये, म्हणून सोमय्या मैदानावर मुक्काम न करता ते रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. आम्ही शीव येथे रस्त्याच्या कडेला उभे होतो. बहुतेक मोर्चा आदिवासी बायामाणसांचा होता. एका म्हातारीने तुटलेली चप्पल हातात धरली होती आणि दुसऱ्या पायातली तशीच फटफटत ती चालली होती. शेजारच्या इमारतीतील एक बाई धावत खाली आली, स्वतःच्या पायांतल्या सपाता काढून तिने त्या म्हातारीपुढे ठेवल्या आणि अनवाणीच परत जिना चढून गेली. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, केळी घेऊन माणसे उभी होती. त्यांतील कितीजण आपल्या पक्षाचे सभासद होते? शेकडा एकही नसेल, असे आम्ही बेधडक म्हणतो. त्या रात्री त्यांना कोणी 'वरून' काही कळवले नव्हते.

ही माणसे पक्षाची खरी शिल्लक आहेत आणि ती सभासद-नोंदवहीत दिसत नाही. २००४ साली लोकसभेत माकपचे ४३ आणि भाकपचे १० खासदार होते. २०२४ मध्ये ते अनुक्रमे ४ आणि २ झाले. भाकपची राष्ट्रीय पक्ष म्हणून असलेली मान्यता निवडणूक आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली. या घसरणीत सभासदांनी शिस्त मोडली असे कोठे दिसत नाही. नोंदवहीबाहेरची माणसे गेली. ती भांडून गेली असती तर निदान आवाज तरी झाला असता; त्यांना भांडायला जागाच नव्हती म्हणून ती गुपचूप गेली. आमच्याकडे आलेली ही पत्रे लिहिणारे अजून भांडत आहेत. आम्ही पत्रे छापून शत्रूला दारूगोळा पुरवतो, असे आपल्याला वाटते. आमच्या मते ती आपल्याच शाखेच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावीत.

प्रश्न : इंग्लंडातही मजूर पक्षाचे जुने मतदार असेच नाराज आहेत, असे तेथे राहणारा माझा भाचा सांगतो. हा जगभरचाच रोग आहे काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लक्षणे सारखी असली तरी दुखणे वेगळे आहे. मजूर पक्षाने १९९५ साली आपल्या घटनेतील सामाईक मालकीचे कलम बदलले ते सत्तेवर यायचे म्हणून, आणि तो सत्तेवर आलाही. २०२४ मध्ये सुमारे एक तृतीयांश मतांवर त्याने चारशेहून अधिक जागा जिंकल्या. मात्र त्याच निवडणुकीत माजी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन हे स्वतःच्या जुन्या मतदारसंघात अधिकृत उमेदवाराला हरवून अपक्ष म्हणून निवडून आले. तिथला नाराज मतदार म्हणतो की, माझ्या पक्षाने विजयासाठी धोरण सोडले. आपल्या मुंबईतील मतदाराची तक्रार अशी की, धोरण कागदावर शाबूत आहे, पण मतयंत्रावरून माझे चिन्हच नाहीसे झाले. आपल्या भाच्याला चिडायला निदान एक सरकार आहे.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांचा आहे, एका गोदामात कंत्राटी कामावर आहे. कामाचे तास, कंत्राट, घरभाडे यांविषयी बोलणारे फक्त डावेच आहेत म्हणून मी त्यांच्याकडे वळलो, आणि आता तेच मला दुसऱ्या पक्षाचे पत्रक हातात देतात. पुढच्या वेळी 'नोटा' दाबावा, असे मी आणि माझ्या मित्रांनी ठरवत आणले आहे. आपले मत काय?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : 'नोटा' हा आपला हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने तो मिळाला. पण तो काय करू शकतो आणि काय नाही, हे आधी पाहा. वर ज्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीचा उल्लेख आला, तिथे भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर 'नोटा'ला १२,८०६ मते पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. एवढी मते कुणी व कशासाठी दिली यावर प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ लावला, कारण 'नोटा'ला तोंड नसते. आपला राग डाव्या बाजूचा आहे, हे त्या आकड्यातून कुणालाही कळणार नाही. लोकसभा-विधानसभेत 'नोटा' पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली ठरवले की, 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी. महापालिकेच्या प्रभागात म्हणूनच त्याला थोडेफार वजन आहे, तेही तो पहिला आला तरच.

आम्हांला विचाराल तर, आपण व आपले मित्र मिळून जितकी मते होतात तेवढ्यांच्या वतीने एक कागद लिहा. कंत्राटी कामगारांच्या नोंदणीसाठी, जादा कामाच्या मजुरीसाठी आपल्या भागात पक्षाने व युनियनने काय करावे, आणि ज्या मित्रपक्षाचे पत्रक आपल्या हाती दिले जाते त्याने या मागण्यांवर सही केली आहे का, एवढेच त्यात विचारा. सही नसेल तर पत्रक परत करा, आणि का परत करत आहोत ते त्याच्या पाठीवर लिहा. मागणी हातात धरून मित्रपक्षाला व्यासपीठावर बोलावण्याची रीत डाव्यांना नवी नाही; २०२५ च्या जुलैमध्ये गिरणी कामगारांनी घरे मुंबईतच हवीत, शेलू-वांगणीला नकोत, म्हणून आझाद मैदानावर आंदोलन केले, तेव्हा उद्धव ठाकरे यांना तिथे यावे लागले होते. तिथे मागणी कामगारांची होती आणि पाहुणा पक्ष होता. आपल्या हाती पत्रक येते तेव्हा हे नेमके उलटे झालेले असते.

एक व्यवहारातली सूचना. मेळाव्यात प्रश्न विचारायचा असेल तर चिठ्ठी सुरुवातीलाच मंचावर पाठवा. 'शेवटी प्रश्नोत्तरे होतील' असे जाहीर झाले की समजावे, त्या वेळेपर्यंत पाहुणे गाडीत बसलेले असतात आणि सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा असतो.