मुलीला दंगलीच्या मुलखात पाठवू का?

खानापूर तालुक्यातल्या एका आईने लिहिलंय: "मुलगी बेळगावात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मणिपूरच्या बातम्या पाहिल्यापासून युद्धात, दंगलीत होरपळलेल्या बायकांसाठी काम करायचं म्हणते. यात पोट भरतं का? आणि जिवाचं काय?"

ताई, पोट भरतं, पण उशिरा. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पावरच्या. निधी आटला की करार संपला. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात, हे तिला आजच सांगून टाका.

जिवाचं म्हणाल, तर कुठलीही धड संस्था नुसती बी.ए. झालेली मुलगी पेटलेल्या भागात धाडत नाही. कोणी "स्वयंसेवक म्हणून या, खर्च तुमचा" म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. विमा, राहण्याची सोय, प्रसंगी माघारी आणण्याची व्यवस्था, सगळं लेखी मागायचं.

मला काळजी वेगळीच वाटते. तिच्या डोळ्यांसमोर बहुधा बायकांचे डोळे पुसणं आहे. प्रत्यक्षात त्या बाईने आपली कहाणी पोलीस, डॉक्टर, वकील, पत्रकार अशी चारदा सांगून झालेली असते. पाचव्यांदा सांगायला न लावणं हे पहिलं कौशल्य. मग नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, नुकसानभरपाईचा अर्ज, त्याच्या नावावरची जमीन, पोरांची शाळा. उदाहरणार्थ, युरोपातल्या बोस्नियात १९९३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, झेनित्सा शहरात अत्याचार झालेल्या बायकांसाठी मेडिका नावाचं केंद्र उभं राहिलं. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि समुपदेशन एकाच छताखाली होतं. आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी चालू असताना, २००३ मध्ये, ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका एकत्र बसल्या आणि त्यांनी शांततेच्या वाटाघाटींवर दबाव आणला. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ चं नोबेल मिळालं. दोन्ही बाजूंच्या बायकांना एका सतरंजीवर बसवणं हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग, आणि तो पुस्तकातून येत नाही.

तुमच्या मुलीकडे एक गोष्ट आयती आहे. घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी. एकीचं म्हणणं दुसरीपर्यंत पदरचं काही न घालता पोचवायची सवय सीमाभागातल्या पोरींना लहानपणापासून असते. ती तिने अर्जात जरूर लिहावी. इंग्रजी मात्र घोटायला हवं, अहवाल त्यातच लागतात.

शिक्षणाचं म्हणाल, तर मी आधी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायला सांगेन, धारवाडला कर्नाटक विद्यापीठात होतं, घरापासून जवळ. त्यात क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन प्रत्यक्ष काम, असतं, ते टाळू नये. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मनोविकार समाजकार्याचं पुढचं शिक्षण घेता येतं का, ते बघावं. थेट संघर्ष आणि शांतता हाच विषय हवा असेल, तर दिल्लीत जामिया मिलियाचा एम.ए. आहे. पण त्या पदवीवर थेट काम मिळायला वेळ लागतो, म्हणून माझा कौल एम.एस.डब्ल्यू.लाच.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत छळ झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या एखाद्या सखी केंद्रात किंवा कर्नाटक सरकारच्या सांत्वन केंद्रात तिला काम बघायला मिळतं का, ते विचारा. मिळालंच, तर संध्याकाळी त्या बायकांबद्दल तिला खोदून विचारू नका. नाव-गाव बाहेर न सांगणं हा कामाचाच भाग आहे. तिची झोप, जेवण नीट चाललंय का, एवढं बघा. महिन्याभरानंतरही जायचं म्हणाली, तर फॉर्म भरू द्या.